सावकाराचं काय झालं?

१९९१ च्या गणपतीत आमच्या गल्लीने वर्गणी काढून परभणीहून एका रात्रीसाठी कलर टीव्ही आणि व्हीसीआर आणला. सोबत तीन कॅसेटी. पहिली देवाची, दुसरी मारामारीची. तिसरी कोणती ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण तिच्यावरची चिठ्ठी निघून गेली होती. रात्री दोनच्या सुमारास ती लागली तेव्हा अर्धी गल्ली सतरंजीवर आडवी झालेली, आणि टीव्हीतून धडाधड इंग्रजी. "बंद कर रं ते," असं दोघं-तिघं झोपेतच ओरडले. पण भाडं सकाळपर्यंतचं भरलेलं होतं. भरलेले पैसे वाया घालवणारी आमची गल्ली नव्हे.

तर असा मी 'विलो' बघितला. दिग्दर्शक रॉन हॉवर्ड, कथा जॉर्ज लुकासची, साल १९८८, हे सगळं फार पुढे कळलं. त्या रात्री जे कळलं ते मायमुळे. एक दुष्ट राणी. अमुक खूण असलेलं लेकरू जन्मलं की तुझं राज्य बुडणार, हे भविष्य तिला कळलेलं, म्हणून तिने गरोदर बाया कोंडून ठेवलेल्या. सुईण लेकराला गुपचूप बाहेर काढते आणि नदीत सोडून देते. माय तोवर खाली मान घालून वाती वळत होती. ती वर बघून म्हणाली, "हे तं कंसाचं हाय. वसुदेव कुठंय?"

वसुदेव निघाला कमरेएवढ्या उंचीचा एक शेतकरी. तोच विलो. त्याने नांगराला चक्क डुक्कर जुंपलेलं. हे बघून आजोबा उठून बसले. "बैल इकला आसंल," ते म्हणाले, आणि घोंगडी नीट अंगावर घेऊन पुढचं बघू लागले. तेवढ्यात शेतात एक ढेरपोट्या येतो आणि विलोवर डाफरतो. इथं बियाणं इकणारा मी, तू हे आणलंस कुठून? ही जमीन मी घेतल्याशिवाय राहणार नाही. इंग्रजीचा एक शब्द न कळता सगळ्या सतरंजीला हे जसंच्या तसं कळलं. आजोबा म्हणाले सावकार. चुलते म्हणाले, नाही, हा बियाण्याचा दुकानदार. माय म्हणाली, दोन्ही एकच असतेत.

पुढे एक जादूगारीण येते, तिच्यावर शाप असतो. विलो मंत्र म्हणतो आणि ती शेळीची शहामृग, मग मोर, कासव, वाघ होत होत बाई होते. एका जनावराचं दुसऱ्यात असं विरघळत जाणं कॉम्प्युटरवर करून पडद्यावर आणणाऱ्या अगदी पहिल्या सिनेमांतला हा एक. मायने वेगळी नोंद केली. "चौऱ्यांशी लक्ष योनी मिन्टात उरकल्या की गं बयेनं!"

पहाटे सिनेमा संपला. राणी गेली, लेकरू वाचलं, विलो घरी आला, बायको भेटली. सगळे चपला शोधायला लागले, आणि माय जागेवरच. "आन् सावकाराचं काय झालं?"

सिनेमात ते नाही.

एकतीस वर्षं गेली. मी मास्तर झालो, शेत अर्धं उरलं, आजोबा गेले. नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी भाच्याचा फोन आला, "मामा, तुमच्या त्या बुटक्याची मालिका आली, आठ भाग. माझा डिस्नी हॉटस्टारचा पासवर्ड घ्या." ३० नोव्हेंबरला दोन भाग आले, मग दर बुधवारी एक. विलो तोच, वॉरविक डेव्हिस. सिनेमा केला तेव्हा सतरा वर्षांचा होता, आता पन्नाशी ओलांडलेला. सिनेमा ते मालिका मधे चौतीस वर्षं, तेवढ्यात आमच्या गावचा रस्ता तीनदा मंजूर झाला.

आता माझी पंचाईत बघा. मालिका रब्बीत आली. शेतीची थ्री फेज लाईट त्या आठवड्यात रात्री बाराला यायची. मी भाग मोबाईलवर उतरवून घ्यायचो आणि गव्हाला दारं धरायला जायचो. स्टार्टरच्या पेटीवर मोबाईल टेकवलेला, कानाला मफलर, हातात फावडं, पायात गार चिखल. पहिल्या भागात राजपुत्राला पळवून नेतात ते नीट बघावं म्हणून मी पाच मिनिटं जागेवर उभा राहिलो. तेवढ्यात दोन वाफे तुडुंब भरून पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात. सकाळी शेजारी जे बोलला ते कोणत्याही राणीच्या शापाहून कडक होतं.

घरी तोच भाग मायसोबत टीव्हीवर पुन्हा. ती प्रश्न विचारणार, मी मराठीत सांगणार. सांगता सांगता मला तक्रार करायची सवय लागली. सिनेमा दोन तास सहा मिनिटांचा, पण त्यात माणसं कामाला लागलेली. मालिकेतली पोरं जगाचा अंत तोंडावर आलेला असताना जंगलात शेकोटीपाशी बसून एकमेकांना मनातलं सांगतात. बोलणं सगळं कॉलेजच्या कट्ट्यावरचं. भाग संपला की एकदम गिटार, इंग्रजी गाणं, जणू वरात दारात आली. मी म्हणालो, माय, याला काय अर्थ आहे?

"लेकरं हायेत," माय म्हणाली. "तू पण आसाच होतास. नांगराला सोडून पुस्तक घेऊन बसायचास."

मग तिने मालिकेतली राणी ओळखली. "ही ती लाल केसाची पोरगी ना, आईच्या इरोधात गेलेली?" सोरशा, सिनेमातल्या दुष्ट राणीची पोरगी; नटी जोआन व्हॉली. एकतीस वर्षांनी मायने एका झटक्यात ओळखली. मला गेल्या महिन्यात बदलून आलेले हेडमास्तर अजून ओळखू येत नाहीत. "आन् हिचा नवरा कुठंय? एकटीच दिसायलीय. ऊसतोडीला गेला काय?"

नवरा म्हणजे मॅडमार्टिगन, व्हॅल किल्मर. सिनेमात चौरस्त्यावरच्या पिंजऱ्यात लटकलेला भेटतो आणि पुढचा सगळा सिनेमा खाऊन टाकतो. घशाच्या कॅन्सरने त्याचा आवाज गेला होता, मालिकेत तो येऊ शकला नाही. मी तेवढंच म्हणालो की तो आजारी आहे. माय थोडा वेळ गप्प राहिली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये तो गेल्याची बातमी आली, ती मी तिला अजून सांगितलेली नाही.

पण ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त चिडलो होतो, तिथेच मायने मला गप्प केलं. सिनेमातलं ते वाचवलेलं लेकरू, एलोरा, मालिकेत मोठी झालेली दाखवलीय. कुठे? राजवाड्याच्या भटारखान्यात, कणीक मळताना. आपण कोण हे तिला ठाऊकच नाही. मी म्हणालो, एवढी आटापिटा करून वाचवली ती पाव भाजायला?

मायने माझ्याकडे, वर्गात 'ढ' पोराकडे मी बघतो तसं बघितलं. "गोकुळात वाढणाऱ्याला कुठं ठाऊक आस्तंय आपण कोण ते? ते लोणी खायचं, ही पाव भाजायलीय. कंस संपला मनून गोष्ट संपती व्हय?"

यावर मी हरभऱ्याचा सोलाणा सोलत बसलो. गोष्ट खरी होती. सिनेमा लेकराला वाचवून मोकळा झाला. त्या लेकराचं पुढे काय, हे विचारलं मालिकेनेच. विचारताना बडबड फार केली एवढंच.

सहा भाग झाले. सातवा-आठवा निवांत बघू म्हणालो. मग संक्रांत, मग पुतणीचं लग्न, मग गव्हाची कापणी, मग दहावीचे पेपर. मार्चमध्ये भाचा म्हणाला की पुढचं सत्र काढणार नाहीत. काढू देत नाहीतर नको, माझे दोन भाग आहेत ना, असं मी मनाशी म्हणालो. मे २०२३ मध्ये सुट्टी लागली. मायला खुर्ची, मला लोड, उशाला पाण्याचा तांब्या. टीव्ही लावला, नाव टाकलं. १९८८ चा सिनेमा होता. मालिका नव्हती. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, काढून टाकली त्यांनी. स्वतःच बनवली, स्वतःच काढली." आली त्याला सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. आमच्या कॅसेटवाल्याने निदान चिठ्ठीच हरवली होती.

मी दिवसभर तोंड पाडून बसलो. माय मात्र दुसऱ्या दिवशी पहाटेच कुरडयांचा चीक घेऊन गच्चीवर गेली. मी उरलेल्या चिकाची बादली घेऊन जिना चढत होतो तेव्हा वरून तिचा आवाज ऐकू आला. शेजारच्या चार बाया सोऱ्या दाबत होत्या आणि माय सातवा भाग सांगत होती. एलोराने मालिकेतल्या दुष्ट म्हातारीला मंत्राने कोळसा केलं. लाल केसवालीचा नवरा परत आला, बरा होऊन, टमटममधून. आणि विलो गावाकडं निघाला, राणीने दिलेली थैली कमरेला खोचून.

"सावकाराकडं गेला?" एकीने विचारलं.

"गेला की. थैली फेकली त्याच्या म्होरं, मनला मोज."

"आन् सातबारा?"

"कोरा," माय म्हणाली. "बादली आण रं इकडं, चीक गार व्हायलाय."