ताग कच्चाच वापरा म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

सध्या ठाणे-नवी मुंबईच्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की ताग, काथ्या, केळीचा धागा रेझिनच्या (धागे धरून ठेवणाऱ्या, घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रव्याच्या) शीटमध्ये कच्चाच वापरला तर फायबरग्लासपेक्षा मजबूत, कंपन्या केमिकल लावून त्याला कमजोर आणि विषारी करतात. मी याच लाइनमध्ये आहे, म्हणून लिहितोय.

फायबरग्लासपेक्षा मजबूत? नाही. ई-ग्लासची, म्हणजे फायबरग्लासमधल्या नेहमीच्या काचेच्या धाग्याची, ताणशक्ती 2000 मेगापास्कलच्या वर, तागाची साधारण 400 ते 800. ताग हलका मात्र खरंच आहे, घनता 1.3 ते 1.5 ग्रॅम प्रति घन सेंमी, काचेची 2.5, म्हणून गाडीच्या दाराच्या आतल्या पॅनेलला चालतो.

आता केमिकल कशाला, तर तागावर मेणाचा आणि पेक्टिनचा थर असतो, आत हेमिसेल्युलोज नावाचा घटक असतो आणि तो पाणी ओढतो, रेझिनला पाणी चालत नाही, त्यामुळे कच्चा धागा रेझिन नीट धरत नाही, वर आपल्याकडचा जुलै म्हणजे धागा नुसता हवेतूनच ओल घेतो, फुगतो, मग सुकला की आकसतो आणि रेझिनपासून सुटतो. कॉस्टिकने, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने, मेण आणि बरंचसं हेमिसेल्युलोज निघतं, धागा खरखरीत होतो, रेझिन पकड घेतं. रेझिनच्या जागी पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक असेल तर एवढ्याने भागत नाही, त्यात मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन थोडं मिसळावं लागतं, ते धागा आणि प्लास्टिक जोडून धरतं.

कमजोर होतो हे अर्धं खरं आहे, द्रावण फार कडक केलं किंवा धागा जास्त वेळ ठेवला तर धाग्याला ताकद देणारं सेल्युलोजच खराब होतं. म्हणून साधारण 5 टक्क्यांच्या आसपासचं द्रावण घेतात आणि वेळ सांभाळतात, आणि शेवटी नुसता धागा नाही, पूर्ण शीट किती भार घेते ते बघायचं असतं.

विषारी म्हणाल तर ट्रीटमेंटनंतर धागा धुतात, पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडने न्यूट्रल करतात, परत धुतात, वाळवतात. नीट केलं तर धाग्यात कॉस्टिक उरत नाही. काळजी करायची तर त्या धुवणाच्या पाण्याची करा, ते अल्कलाइन असतं, तपकिरी असतं, तुर्भे-रबाळ्याच्या पट्ट्यातून ट्रीट न करता नाल्यात सोडलं तर ते थेट ठाणे खाडीत जाणार, जी 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. कुठल्या युनिटला प्रश्न विचारायचाच असेल तर हा विचारा, पाणी कुठे सोडता.