‘निवृत्त माणसाला सांगायला काय जातं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

ग्रामीण बँकांचं विलीनीकरण चालू असताना क्लार्क मंडळींनी प्रमोशनच्या परीक्षेपासून लांब राहू नये, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही माझी चांगलीच खरडपट्टी काढलीत. ‘निवृत्त माणसाला सांगायला काय जातं? माझी मुलगी दहावीत, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय. अधिकारी झाले की सिंधुदुर्गातून थेट गडचिरोली. त्यात दोन बँकांची सीनियॉरिटी अजून लागायचीय. अशा वेळी जो पुढे येतो त्याचाच बळी जातो. सगळं स्थिरस्थावर झालं की बघू. तुम्ही बाई असून हे दिसू नये?’

दिसतं हो. पण तुमच्या लिहिण्यात दोन कारणं एकमेकांत मिसळली आहेत. मुलगी आणि सासूबाई हे कारण खरं आहे, त्यावर तिऱ्हाइताने बोलू नये. ‘स्थिरस्थावर झालं की बघू’ हे मात्र मला पटत नाही, आणि माझा लेख त्याबद्दलच होता.

आधी गडचिरोली. विदर्भ कोकण ग्रामीण बँक, म्हणजे तुमची जुनी बँक, नावाप्रमाणेच दोन टोकांना पसरलेली होती. स्केल वन, म्हणजे अधिकाऱ्याच्या पहिल्या श्रेणीत, गेलेल्याला सिंधुदुर्गातून गडचिरोलीला पाठवायला तिला विलीनीकरणाची गरज नव्हती. १ मे २०२५ ला ती आणि जुनी महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या, मुख्य कार्यालय नागपूरऐवजी छत्रपती संभाजीनगर झालं आणि नकाशात मराठवाडा-खानदेशची भर पडली. लांबच्या बदलीची भीती आधीही होती, पुढेही राहील. दोन वर्षं थांबून ती कमी होणार नाही.

थांबल्याने बदलतं ते दुसरंच. ग्रामीण बँकांत क्लार्कचा अधिकारी होतो तो ‘सीनियॉरिटी-कम-मेरिट’ या तत्त्वावर. याचा अर्थ काय, यावर ग्रामीण बँकांतलेच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९८ मध्ये बी. व्ही. शिवय्या खटल्यात निकाल लागला: कामाला लागणारी किमान गुणवत्ता सिद्ध झाली की मग ज्येष्ठाचा हक्क पहिला, कनिष्ठाला गुण जास्त असले तरी. म्हणजे तुम्ही पास झालात तरी सगळा खेळ यादीतल्या नंबरावर. आजवर त्या यादीत फक्त तुमच्या बँकेची माणसं होती. आता दोन्हीकडची येणार. आणि दोन मुख्य कार्यालयांचं एक झालं, की तिथली अधिकाऱ्यांची टेबलं काही दुप्पट होत नाहीत. रांग लांबते, जागा तेवढ्या वाढत नाहीत. तुमच्या मागचा एखादा यंदा अधिकारी झाला तर स्केल वनमध्ये त्याची तारीख तुमच्या आधीची लागेल, आणि पुढे स्केल टूच्या वेळी तीच तारीख बघितली जाईल.

‘बळी जातो’ हे खाजगी कंपनीत खरं असेल. माझा भाचा आयटीत आहे. तिथे रिस्ट्रक्चरिंग म्हटलं की मधल्या मॅनेजरांवर पहिली कुऱ्हाड पडते, त्यामुळे त्याने प्रमोशनला नाही म्हटलं तर मी त्याला शहाणाच म्हणेन. तुमचं तसं नाही. प्रादेशिक ग्रामीण बँक अधिनियम, १९७६ च्या कलम २३-अ खाली विलीनीकरण होतं तेव्हा कर्मचाऱ्यांची नोकरी नव्या बँकेत चालू राहते. कोणाला काढत नाहीत. हलवतात मात्र जरूर, आणि इथेच परीक्षेला न बसणाऱ्यांचा हिशेब चुकतो.

मी नोकरी केली ती बँक २०२० च्या त्या मोठ्या विलीनीकरणात होती, दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या तेव्हा. तालुक्याच्या एका गावात आमची शाखा आणि दुसऱ्या बँकेची शाखा एकाच रस्त्यावर, समोरासमोर म्हणावी अशी. आमचा हेड कॅशियर मुद्दाम क्लार्क राहिलेला. गाव सोडायचं नाही म्हणून अधिकारी व्हायला तो दरवेळी नकार द्यायचा. स्ट्राँगरूमची एक किल्ली त्याच्याकडे, त्याचा भत्ता, गावात मान. मग शाखांचं सुसूत्रीकरण आलं आणि आमची शाखा समोरच्या शाखेत गेली. लॉकरवाल्यांना पत्रं गेली, आमची पाटी उतरली. समोर त्यांचा हेड कॅशियर आधीच बसलेला, आणि तो याच्याहून सीनियर. किल्ली गेली, भत्ता गेला, आणि थोड्याच दिवसांत क्लार्क जास्त झाले म्हणून याला शेजारच्या तालुक्यात पाठवलं. रोज एसटीने जा-ये. गावासाठी प्रमोशन सोडलं आणि शेवटी गावही राहिलं नाही.

पैशाचं मी मागच्या वेळी ओझरतं लिहिलं होतं, त्यावरून एकाने ‘अधिकारी झालं की पगार दुप्पट’ असं खाली ठोकून दिलंय. तसं काही नाही. मार्च २०२४ मध्ये झालेल्या बँकांच्या वेतन करारांनुसार क्लार्कचं मूळ वेतन २४,०५० पासून ६४,४८० पर्यंत जातं, आणि स्केल वनचं ४८,४८० पासून ८५,९२० पर्यंत. दहा-बारा वर्षं झालेल्या क्लार्कचं मूळ वेतन चाळीस हजारांच्या पुढे गेलेलंच असतं. त्यामुळे पहिल्या महिन्याची पगाराची स्लिप बघून बहुतेकांचा हिरमोड होतो. ओव्हरटाइम बंद, संध्याकाळी सातला ‘मॅडम, जरा थांबा’ सुरू. फायदा दिसतो तो पंधरा वर्षांनी, जेव्हा क्लार्कची वेतनश्रेणी संपलेली असते आणि अधिकाऱ्याची चालू असते. निवृत्तीला चार-पाच वर्षं उरलेल्या कोणी मला विचारलं तर मी बसू नका म्हणेन. तुम्हाला अजून बरीच नोकरी आहे, असं तुमच्याच लिहिण्यावरून दिसतं.

बायकांच्या बदल्यांबद्दल: वित्तीय सेवा विभागाने २०१४ मध्ये सरकारी बँकांना सांगितलं की महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो नवऱ्याच्या नोकरीच्या ठिकाणी किंवा जवळपास ठेवावं, अविवाहित असतील तर आई-वडिलांजवळ. त्याच्या जोरावर मी स्वतः एक बदली थांबवली आहे आणि एक थांबवू शकले नाही. साहेब ऐकणारा असेल तर उपयोग होतो. ग्रामीण बँकेत त्याचं काय होतं ते तुमच्या युनियनला विचारा, त्यांना आतली माहिती जास्त.

तर तुमच्या बाबतीत. यंदा मुलीची दहावी म्हणून तुम्ही फॉर्म भरला नाहीत तर मी एक शब्द बोलणार नाही. पण एक वर्ष सोडायचं ते दहावीसाठी, वातावरण निवळेल म्हणून नव्हे. तसं ठरवलंत तर पुढच्या वर्षी पुन्हा नवं निमित्त शोधत बसणार नाही. आणि यंदा भरायचा विचार असेल, तर नुसतं परीक्षेला बसून कोणाची बदली होत नाही. प्रश्न येतो निवड झाल्यावर नकार दिला तर. बऱ्याच बँका मग काही काळ डिबार करतात, पुढच्या प्रक्रियेत बसूच देत नाहीत. परिपत्रक आलं की तारखा नंतर बघा, ते डिबारचं कलम आधी वाचा.

सासूबाईंच्या ऑपरेशनचे कागद मात्र आत्ताच अर्जासोबत शाखेत इनवर्ड करून ठेवा आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. बदलीची ऑर्डर निघाल्यावर दिलेला कागद कोणी वाचत नाही.