चेहऱ्याची पट्टी मागू नये

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघाला की शेतकरी विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात पडल्याशिवाय जागचा हलत नाही. पोती किती, वजन किती भरले, क्विंटलला दर काय लागला, तोलाई आणि हमाली किती कापली, हे तो अडत्याच्या गादीसमोर उभ्या उभ्या पाहतो आणि दोन किलोच्या कडत्यावरून, म्हणजे वजनातल्या कपातीवरून, चहा थंड होईपर्यंत हुज्जत घालतो. हाच गृहस्थ, मुलीने राष्ट्रीय स्पर्धेत पदक आणल्यावर, मुंबईहून पांढऱ्या मोटारीतून आलेल्या, जाहिराती मिळवून देणाऱ्या एजंटासमोर बसतो तेव्हा मात्र कमालीचा उदार होतो. दर विचारणे त्याला कोतेपणाचे वाटते आणि कागद वाचणे म्हणजे तर घरी आलेल्या पाहुण्याचा अपमानच. ही उदारता जिल्ह्यातील प्रत्येक खेळाडूच्या आणि कलावंताच्या घरी नांदावी, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहे. मी सांगलीतच विजयनगरला कोर्टात वकिली करतो आणि असे करार वाचणे हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. ते माझ्याकडे सही झाल्यानंतरच येतात. ही प्रथा आपण अशीच चालू ठेवावी, अशी माझी नम्र विनंती आहे.

एजंट घरी आला की त्याला परवाना विचारू नये. विश्रामबागेतल्या नव्या प्रकल्पातला दोन खोल्यांचा फ्लॅट विकून देणाऱ्या मध्यस्थाला २०१६ च्या रेरा कायद्याखाली नोंदणी करावी लागते, विम्याची पॉलिसी गळ्यात मारणाऱ्यालासुद्धा आधी परीक्षा द्यावी लागते. परंतु तुमच्या मुलीचे नाव, चेहरा आणि पुढची पाच वर्षे विकायला निघालेल्या माणसाला आपल्या देशात कोणताही स्वतंत्र कायदा परवाना विचारत नाही, मग आपण कोण विचारणार? फुटबॉलमध्ये तेवढी पंचाईत आहे, कारण २०२३ पासून फिफाने एजंटांनाच परीक्षेला बसवले आहे. पण फुटबॉल कोल्हापूरकरांच्या वाट्याला गेला. सांगली-साताऱ्याने कुस्ती, कबड्डी, धावणे, तिरंदाजी असले निष्पाप खेळ निवडले.

पहिल्या भेटीपासूनच त्याला 'साहेब' म्हणायला लागावे. १८७२ च्या करार कायद्यात एजन्सीवर एक अख्खे प्रकरण आहे आणि ते वाचले तर भलताच गैरसमज होण्याचा धोका आहे. कायद्याच्या मराठीत तुमची मुलगी 'प्रकर्ता' ठरते आणि साहेब 'अभिकर्ता'. म्हणजे काम सांगणारी ती आणि ऐकणारा तो. कलम २१३ सांगते की प्रकर्त्याने मागितल्यावर अभिकर्त्याने हिशेब दिलाच पाहिजे, आणि कलम २१६ सांगते की तिला न कळवता त्याने तिच्याच व्यवहारात स्वतःचे दुकान मांडले, तर त्यात झालेला फायदा तिला मागता येतो. थोडक्यात, यार्डातल्या पट्टीची सोय दीडशे वर्षांपूर्वीच करून ठेवलेली आहे. आपण ती न वापरता जपून ठेवली आहे, जशी लग्नातली पैठणी ठेवतात.

एजंटाविना माणसाचे काय होते याचे उदाहरण आपल्याच मातीत आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते वर्गणी आणि उसनवारीवर. कांस्यपदक घेऊन परतल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून दिलेले पैसे फेडले, ही हकीकत आपल्याकडे तालमीतालमीतून सांगितली जाते. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि त्यावर कोणाची टक्केवारी नाही! इतक्या हिशेबी माणसाचा आदर्श मुलांपुढे ठेवू नये.

सहीसाठी मुलीच्या वयाची वाट पाहू नये. आपल्या भागातली मुले लवकर मोठी होतात. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीची जागतिक विजेती ठरलेली साताऱ्याची आदिती स्वामी तेव्हा १७ वर्षांची होती. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, व्यक्तीचा करार मुळातच शून्य असतो, हे त्या काळचे सर्वांत वरचे न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच ठरवून ठेवले असल्यामुळे जाणत्या एजंटाला मुलीच्या सहीचे फारसे कौतुक नसते. तिच्या सहीखाली 'पालक व हमीदार' असे छापलेले असते आणि त्याचा डोळा त्या ओळीवर असतो. ती सही आधी करावी. स्टॅम्पपेपर त्यानेच आणलेला असतो, त्यामुळे आपल्याला अधिकच ओशाळल्यासारखे होते. पूर्वी हे ओशाळणे शंभर रुपयांत भागत असे, २०२४ पासून पाचशे लागतात.

टक्क्यांविषयी बोलताना आकडा तेवढा पाहावा, तो कशावर लागणार हे पाहू नये. जाहिरातीच्या कामावर दहा ते वीस टक्के ही सर्वसाधारण रीत आहे. अमेरिकेत तिथल्या फुटबॉलच्या खेळाडूंची संघटना मात्र संघाकडून मिळणाऱ्या पैशांवर एजंटाला तीन टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही, कारण ते पैसे खेळाडू अंग मोडून मिळवतो आणि जाहिरात एजंट हिंडून आणतो, असा फरक ते लोक करतात. आपण असा भेदभाव करू नये.

मागच्या पावसाळ्यात एका पैलवानाचे वडील माझ्याकडे करार घेऊन आले होते. खताच्या दुकानाची पिशवी, तिच्यात दुसरी पिशवी आणि तिच्यात चौदा इंग्रजी पाने. नवव्या कलमात, खेळाडूस कोणत्याही मार्गाने, रोख वा वस्तुरूपाने प्राप्त होणाऱ्या सर्व उत्पन्नावर वीस टक्के, असे लिहिले होते. मी त्यांना ते मराठीतून दोनदा सांगितले. जत्रेच्या मैदानातले इनाम त्यात आले, शासनाचे बक्षीस आले, उद्या रेल्वेत किंवा पोलिसांत नोकरी लागली तर तिचा पगार आला. ते बराच वेळ टोपी गुडघ्यावर ठेवून बसले आणि मग म्हणाले, "वकीलसाहेब, म्हंजे चांदीची गदा मिळाली तर ती बी?" मी म्हटले, ती बी. "मग काय दांडा मोडून द्यायचा?" वीस टक्क्यांत नुसता दांडा भागतो की वरच्या गोळ्याचीही एखादी फोड जाते, याचा हिशेब आम्ही दोघांनी कागदाच्या पाठीवर करून पाहिला, पण चांदी वरून आणि लाकूड आतून असल्यामुळे तो काही सुटला नाही. एजंटाने तोवर पोराला एक बूटजोड मिळवून दिला होता. साईज एक नंबरने लहान होती.

करार संपला तरी ऋणानुबंध संपू नयेत, यासाठी शेवटच्या पानांत एक कलम घातलेले असते. मुदत संपल्यानंतर दुसऱ्या कोणी बोलावले, तर ते बोलावणे आधी जुन्या एजंटाला दाखवायचे आणि त्याने तेवढेच देऊ केले तर निमूटपणे त्याच्याच दावणीला राहायचे, असा त्याचा मतलब. आपल्याच राज्यातल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने २००० मध्ये तीन वर्षांसाठी असा करार केला होता. मुदत संपल्यावर तो दुसरीकडे निघाला, जुनी कंपनी भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २००६ मध्ये न्यायालयाने सांगितले की मुदतीनंतरही माणसाला बांधून ठेवणारे हे कलम करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. ही माहिती घरात मुलांच्या कानावर जाऊ देऊ नये. तसे कलम आजही माझ्या टेबलावर येणाऱ्या करारांत छापलेले असते. ज्याच्या घरातून कोणी कोर्टाची पायरी चढलेले नाही, त्याच्यापुरते ते उत्तम टिकते.

पदकानंतरच्या आठवड्यात चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. वरच्या रांगेत नेते, मधल्या रांगेत त्यांचे चिरंजीव, खालच्या कोपऱ्यात तुमची मुलगी आणि तिच्याही खाली, सर्वांत ठळक अक्षरांत, सराफाचे किंवा मोटारसायकलच्या शोरूमचे नाव. याला अभिनंदन म्हणतात. जाहिरात म्हणणारे लोक कृतघ्न असतात. २०२१ मध्ये टोकियोत पी. व्ही. सिंधूने बॅडमिंटनचे कांस्यपदक मिळवल्यावर ज्या कंपन्यांनी न विचारता तिच्या अभिनंदनात आपले बोधचिन्ह मिसळले, त्यांच्यावर तिच्या व्यवस्थापकांनी कायदेशीर कारवाईचा पवित्रा घेतला होता. त्याआधी २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका सराफाला, अमिताभ आणि जया बच्चन यांचे दुसऱ्याच्या जाहिरातीतले छायाचित्र आपल्या फलकावर लावल्याबद्दल, रोखले होते. आपण असे काही न करता फ्लेक्ससमोर सहकुटुंब उभे राहून फोटो काढावा आणि तो मुलीच्या खात्यावर टाकावा, म्हणजे संमतीचा पुरावाही आपल्याच हाताने तयार होतो. पुढे एखाद्या मोठ्या दागिन्यांच्या कंपनीने तिला घ्यायचे ठरवले आणि चौकातला सराफ पाहून बेत रद्द केला, तर ते तिचे नशीब.

जाहिरात कशाची आहे हेही विचारू नये. पावडर सहा आठवड्यांत दंड कमावून देते असे मुलाने कॅमेऱ्यासमोर सांगायचे असेल, तर ती त्याने कधी खाल्ली आहे का, डब्यावर काय लिहिले आहे, कंपनीने कुठे तपासून घेतली आहे का, या चौकशीने चित्रीकरण खोळंबते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्यावरही दहा लाखांपर्यंत दंड आणि वर्षभरापर्यंत जाहिरातबंदी ठेवली आहे. पुन्हा तेच केले तर पन्नास लाख आणि तीन वर्षे. आधी नीट खातरजमा केली होती असे दाखवता आले तर सुटका होते, पण खातरजमा करायची नाही असे आपण वरच ठरवले आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची गोष्ट तर आणखी सोपी झाली: २०२५ च्या कायद्याने त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितले आहे. एजंटाचे नाव पडद्यावर कुठेच नसते, हा त्याचा विनय आहे.

गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलांच्या पालकांनी आपण यातून सुटलो असे समजू नये. सांगलीला नाट्यपंढरी म्हणवून घेण्याचा मान आहे, म्हणून आपल्याकडचा करार 'साऱ्या विश्वात आणि अनंत काळापर्यंत' हक्क लिहून घेतो, आणि आयर्विन पुलापलीकडे न गेलेल्या पोराला आपला आवाज मंगळावर वाजणार या कल्पनेनेच भरून येते. मुदत लिहिलीच नाही तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच. त्यामुळे दोन्ही गोष्टी ठसठशीत लिहून देण्याची काळजी एजंट घेतोच. याच कायद्यात 'प्रयोगकर्ता' म्हणून नट, गायक, नर्तक यांच्या रांगेत डोंबारी, जादूगार आणि गारुडीसुद्धा नावानिशी मोजले आहेत. गारुड्याचा हक्क कायद्याच्या ध्यानात राहिला याचे मला फार कौतुक वाटते. त्याने मात्र कधी नागाच्या वतीने सही केलेली नाही.

उरला पैसा. कंपनीने मुलीला परस्पर पैसे दिले, तर दहा टक्के कर कापला जातो आणि ती नोंद तिच्या पॅनवर, प्राप्तिकराच्या वार्षिक उताऱ्यात दिसते. म्हणजे कंपनीने मुळात किती मोजले हे घरबसल्या कळण्याची भीती. म्हणून सगळी रक्कम आधी एजंटाच्या खात्यावर घ्यावी. तो त्यातून प्रवास, हॉटेल, छायाचित्रकार, 'ब्रँड उभारणी' आणि स्वतःचे टक्के वजा करून उरलेले पाठवतो, न उरलेले पाठवत नाही. पाठवताना व्हॉट्सॲपवर अंगठा येतो, तीच पट्टी समजावी. तासगावच्या बागेतली द्राक्षे नेऊन फोन बंद करणारे दलाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात काही नवे वाटणार नाही. मात्र द्राक्षांची वेल पुढच्या वर्षी पुन्हा धरते, धावणारीचा गुडघा धरेलच असे नाही. मुलीच्या इन्स्टाग्राम खात्याला मोबाईल नंबरही एजंटाचाच जोडावा, म्हणजे ओटीपी विचारायला रोज त्याच्याशी बोलणे होते आणि जिव्हाळा टिकतो.

एवढे करूनही वाद झालाच तर घाबरू नये, त्याचीही तजवीज करारात असते. वाद लवादापुढे जाईल, लवाद एजंटाची कंपनी नेमेल आणि ठिकाण दिल्ली असेल. ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे खरे, परंतु तेवढे सांगायलाही आधी निजामुद्दीनचे तिकीट काढावे लागते.

त्याआधी माझ्याकडे यावे. येताना करार आणावा असे मी सांगतो आणि अजूनपर्यंत त्या चौदा पानांच्या पिशवीखेरीज पुरा करार क्वचितच कोणी आणला आहे, कारण मूळ प्रत 'नोंदणीसाठी' एजंट घेऊन गेलेला असतो. मग वडील खिशातून मोबाईल काढतात, चष्मा लावतात, बोटाने बराच वेळ मागे मागे जातात आणि मला एक फोटो दाखवतात. त्यात शेवटचे पान असते, पेढ्यांचा बॉक्स असतो, आणि सही करताना मुलगी कॅमेऱ्याकडे पाहून हसत असते.