गाजरगवतातलं पानिपत

पानिपतावरचा सिनेमा अकोटला लागला तेव्हा मी रडायच्या तयारीनंच निघालो होतो. खिशात धुतलेला रुमाल होता. घरी सांगून ठेवलं होतं की डोळे लाल दिसले तर भलता संशय घेऊ नको. पानिपत म्हटलं की लहानपणापासून माझ्या पोटात कालवतं. चूक एवढीच झाली की आमच्या गावात जीप एक आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. भरली ती अशी : समोर रिटायर गुरुजी, मधे मारुतीच्या देवळातले महाराज आणि सोसायटीचे सचिव, मागे शंकरपटात बैल पळवणारे मामा, आणि त्यांच्या मांडीवर जवळजवळ बसलेले आमचे काकाजी. काकाजी शाळेत चौथीपर्यंत गेले आणि शेतात साठ वर्षं.

सिनेमाचं नाव सांगत नाही. सांगितलं की वाद पुन्हा सुरू होतो.

पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं : १४ जानेवारी १७६१. छावणीत बायका एकमेकींना तिळगूळ देत होत्या. गुरुजी आख्ख्या टॉकीजला ऐकू जाईल असं म्हणाले, "मकर संक्रांत! त्याच दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली."

"नाई," महाराज म्हणाले.

"काय नाही?"

"त्या दिवशी संक्रांत नोयती. पौष शुद्ध अष्टमी होती, बुधवार होता, हे कबूल. पण संक्रांत सरकत असते गुर्जी. सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस. विवेकानंद कवा जन्मले? १२ जानेवारी १८६३. त्या दिवशी संक्रांत होती. त्याच्या शंभर वर्षं मांगं जा. दहा-अकरा तारीख येते. चवदाले तिळगूळ वाटला, म्हंजे शिळा वाटला."

गुरुजींनी एकतीस वर्षं वर्गात संक्रांत कोसळवली होती. मी स्वतः त्या कोसळण्यावर पाच मार्क घेतलेत. त्यांचा चेहरा अंधारात दिसला नाही, पण श्वास ऐकू आला. पडद्यावर तोवर कुणीतरी कुणाचा तरी निरोप घेतला. कोण कुणाचा, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मग गुरुजी सावरले.

"महाराज, तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो!"

मागच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर अब्दालीची एंट्री होती, त्यामुळे बाकीच्या प्रेक्षकांना वाटलं की आम्ही अब्दालीच्या बाजूचे आहोत. एक पोट्टा उठून आमच्याकडे बोट दाखवून काहीतरी बोलला. सचिवांनी त्याला शेंगदाणे दिले.

पुढं छावणीची उपासमार आली. रसद तुटली, दोन महिने वेढा, माणसं पाला खायच्या बेताला आलेली. आता माझा रुमाल बाहेर निघाला.

"भाऊ, येक सांग," मामा माझ्या कानाशी आले. "उपाशी होते म्हंतेत ना? मंग घोडे पाह्य कसे! पुठ्ठ्यावर माशी घसरते. सरकी-ढेप खाऊन राह्यले हे. माह्या बैलाले पटाच्या आधी तीन महिने खुराक देतो म्या, तरी असा उजाया येत नाई."

"जनावरं तर रोज मरत होती," गुरुजी म्हणाले. या एका मुद्द्यावर मामा, गुरुजी आणि महाराज यांचं एकमत झालं, आणि एकमत झालं म्हणजे ते मोठ्यानं करावं लागतं.

मी दात आवळून पडद्याकडे पाहिलं. सदाशिवरावभाऊ माळावर उभे होते. वारा सुटलेला, शेला उडतोय, मागे पखवाज. भाऊ आता काहीतरी बोलणार, असं ज्या शांततेत कळतं, त्या शांततेत काकाजी बोलले.

"भाऊसाहेबाच्या मांगं काय हाय?"

"तंबू."

"तंबूच्या मांगं?"

कुणाला दिसेना. काकाजी खुर्चीतून उठले. "गाजरगवत हाय लेकहो! पांढऱ्या फुलाचं. धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत!"

आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेचना. खरंच गाजरगवत. कंबरेइतकं. भाऊ काय बोलले देव जाणे. काकाजी मात्र मागे वळून आख्ख्या बाल्कनीला सांगत होते की हे गवत आपलं नव्हेच, अमेरिकेच्या गव्हासंगं आलं, त्यांच्या लहानपणी गावात औषधाला नव्हतं. यात काकाजी पक्के आहेत. पुण्यात ते दिसल्याची नोंद १९५०च्या दशकातली आहे. मी कृषी मेळाव्यात हेच ऐकलंय, फक्त तिथं झोप लागली होती.

"म्हंजे अब्दालीच्या दोनशे वर्षं आधी उगवलं," मामा म्हणाले.

"नंतर," गुरुजी म्हणाले.

"तेच. आन् तो शिपाई पडला ना आता, तो मेलेला राह्यत नाई. खाजवत उठते."

तो शिपाई खरंच किंचित हलला. आम्ही सहाही जण हसलो, मीसुद्धा, आणि नेमकी त्याच क्षणी विश्वासरावांना गोळी लागली. विश्वासराव गेले, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला. ज्यासाठी मी रुमाल धुतला होता ते सगळं तीन मिनिटांत उरकलं, आणि मी तोंडाला रुमाल लावून हसत होतो.

एक आशा उरली होती. पराभवाची बातमी आडून सांगणारं ते पत्र. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. वाचणाऱ्याचा आवाज कापत होता. माझाही गळा दाटून आला.

"सत्तावीस म्हटलं का त्यानं?" सचिव म्हणाले. ते इतका वेळ गप्प होते, हेच वाईट लक्षण होतं. "आमच्या पुस्तकात पंचवीस मोहरा होत्या. दोनाचा फरक कसा काय?"

ज्यांनी सोसायटीचं ऑडिट पाहिलंय त्यांना कळेल की दोनाचा फरक म्हणजे काय. जीपमध्ये बसेपर्यंत तो फरक मिटला नाही.

परतीच्या वाटेवर अडगाव लागतं. काकाजींनी जीप थांबवली. "पानिपत पानिपत करता. येथं झाली नाई काय लढाई? तिचा सिनेमा कोण काढन?"

झाली होती. नोव्हेंबर १८०३. एकीकडे नागपूरकर भोसले आणि शिंदे, दुसरीकडे आर्थर वेलस्ली, जो पुढं १८१५ला वॉटर्लूत नेपोलियनला भारी पडला. आमच्या तोफा सुटल्याबरोबर त्याच्या तीन पलटणी पळाल्या होत्या, हे त्यानंच पत्रात लिहून ठेवलंय.

"पयाले!" काकाजी म्हणाले. "इंग्रज! याच वावरातून!"

"नंतर जिंकले," गुरुजी म्हणाले. "चांदण्यात पाठलाग केला. पंधरा दिवसांत गाविलगडही गेला."

"पण आधी पयाले ना?"

ते कुठून पळाले हे ठरवायला आम्ही उतरलो. महाराज चांदण्याची दिशा बघत हरभऱ्यात शिरले, मामा घोडदळाची जागा पावलांनी मोजू लागले, सचिव पलटणी मोजत होते. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहिलो, आणि पायाला जे लागलं ते गाजरगवत होतं.

एवढ्यात डोळ्यांवर बॅटरी आली. मागून काठी.

"कोण हाय बे? म्या समजलो डुकरं शिरले!"

जागलीवरचा माणूस होता. गुरुजींनी त्याला समजावलं की आम्ही लढाईची जागा पाहतोय.

"कोणती लढाई?" तो काठी खाली टेकवून म्हणाला. "हे धुऱ्याची? भाऊसंगची? तुमाले कोणं सांगतलं?"

आणि तो खाली बसून सांगू लागला. गट नंबर, बांध कुणी कोरला, मोजणीवाला कुणाकडे जेवला, वकिलानं किती घेतले. थंडीत आम्ही सहाही जण त्याच्याभोवती बसलो. मधे कुणी तोंड घातलं नाही. त्याच्या बापाच्या नावाचा सात-बारा आला तिथं मला भडभडून आलं, आणि मी रुमाल काढला.

"मोजणी कोणत्या साली म्हणालात?" गुरुजींनी विचारलं.

"आन् तवा हे निंब होतं काय येथं?" काकाजी म्हणाले.