गच्चीवर काचेची खोली: त्या मेसेजमधलं खोटं किती आणि खरं किती

‘गच्चीवर सनरूम बांधा, घर बारा महिने थंड’ हा मेसेज नागपुरात आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि काका फॅब्रिकेटरला बयाणा द्यायला निघाले. म्हणून हे सविस्तर. मेसेजचं म्हणणं असं: काचेमागे बसलं की ड जीवनसत्त्व मिळतं, काळी फिल्म नव्वद टक्के उष्णता अडवते, एक एक्झॉस्ट किंवा कूलर पुरे, खालची खोली थंड राहते, पॉलिकार्बोनेटकडे (पारदर्शक प्लास्टिकच्या शीटकडे) वीस वर्षं बघावं लागत नाही, परदेशात घरोघरी अशी खोली असते, आणि परवानगी लागत नाही.

आधी ड जीवनसत्त्व, कारण इथे जिवाशी गाठ आहे. मेसेजमध्ये चक्क लिहिलंय की ‘घरातल्या वृद्धांना आणि बाळांना ११ ते ३ या खोलीत बसवा, काच ऊन गाळून देते’. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं ते सूर्याच्या अतिनील-बी किरणांनी, म्हणजे २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या पट्ट्याने. खिडकीची साधी काच नेमका हाच पट्टा जवळजवळ पूर्ण अडवते. लॅमिनेटेड काच (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर) आणि पॉलिकार्बोनेट तर त्याहून जास्त अडवतात. आत येतात उजेड, उष्णता आणि साध्या काचेतून अतिनील-ए चा बराच भाग. या अतिनील-ए ने त्वचा रापते, पडद्यांचे रंग उडतात, ड जीवनसत्त्व मात्र तयार होत नाही. सहा महिने काचेमागे बसा, रक्ततपासणीत फरक दिसणार नाही.

आता मे महिन्यात त्या खोलीत म्हातारं माणूस बसवलं तर काय होईल ते बघा. हवा शरीराहून गरम झाली की अंगातली उष्णता बाहेर टाकायला घाम एवढाच मार्ग उरतो. वय झालं की तहान कमी लागते, घामही कमी येतो. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अंगातलं पाणी आधीच कमी असतं. वरून थेट ऊन, चारी बाजूंनी तापलेल्या काचा, हवा कोंडलेली. उष्माघाताला आणखी काही लागत नाही. तान्ह्या बाळाला तर उकडतंय हे सांगताही येत नाही. ड जीवनसत्त्वासाठी काचेबाहेर, उघड्या हातापायांवर ऊन घ्यावं लागतं, उन्हाळ्यात तेही बेताने. तपासणीत कमतरता निघाली असेल तर डॉक्टरांनी दिलेलं औषध चालू ठेवा. काचेच्या भरवशावर ते बंद केलं तर नुकसान दुहेरी.

दुसरा दावा फिल्मचा. यात हिशेबच मांडू. खोली १० बाय १२ फूट, म्हणजे छत साधारण ११ चौरस मीटर. निरभ्र आकाशात एप्रिल-मेच्या दुपारी आडव्या छतावर दर चौरस मीटरला सुमारे ९०० वॉट ऊन पडतं. साधी पारदर्शक काच त्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास आत सोडते, म्हणजे ८ किलोवॅट. ब्राऊन किंवा ग्रे टिंटेड ६ मिमी काच सुमारे ६० टक्के सोडते, म्हणजे ६ किलोवॅट. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे टिंटेड काच लावूनही, नुसतं छतातून आलेलं ऊन काढायला पावणेदोन टन लागतात. भिंती, माणसं आणि बाहेरची गरम हवा यात धरलेलीच नाही. शिवाय बाहेर ४५ अंश असताना एसीची ताकद त्याच्या लेबलावरच्या आकड्याहून कमी भरते.

खोली काळोखी झाली म्हणजे थंड झाली, ही गफलत इथेच होते. उन्हातली निम्मी ऊर्जा डोळ्यांना दिसतच नाही. काळी काच ऊन शोषते, स्वतः तापते आणि तीच उष्णता खाली बसलेल्यांच्या डोक्यावर सोडते. साध्या, टफन न केलेल्या काचेवर गडद फिल्म लावली तर दुसरं दुखणं: काचेचा मधला भाग तापतो, फ्रेममध्ये दबलेली कड थंड राहते आणि कडेपासून तडा जातो. दुकानदाराला रंग विचारू नका, ‘एसएचजीसी’ विचारा, म्हणजे उन्हातल्या उष्णतेचा किती भाग काच आत सोडते तो आकडा. ०.३० च्या खाली असेल तरच पुढे बोला. अशी काच मिळते, लो-ई कोटिंगची (उष्णता परतवणाऱ्या पातळ लेपाची) दुहेरी काच, पण साध्या काचेच्या भावात नाही.

उन्हाचा हिशेब बाजूला ठेवला तरी छताचा प्रश्न राहतोच. केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची ‘इको निवास संहिता २०१८’ घराच्या छतासाठी यू-मूल्याची कमाल मर्यादा १.२ देते. हा आकडा जितका कमी, तितकी उष्णता कमी झिरपते. एकेरी काचेचं यू-मूल्य साडेपाचच्या वर जातं, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ पाचपट. ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या बांधकामासाठी आहे, हे मान्य. पण लहान भूखंडावरची काच काही वेगळी वागत नाही. याच संहितेत नागपूर ज्या संमिश्र हवामानपट्ट्यात येतं तिथे उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र चटईक्षेत्राच्या (आतल्या जमिनीच्या) किमान साडेबारा टक्के हवं, म्हणजे या खोलीला निदान १५ चौरस फूट. मेसेजसोबत आलेल्या फोटोत एकही तावदान उघडणारं दिसत नाही.

‘एक्झॉस्ट पुरे’ हेही याच आकड्यांवर तपासा. काचांतून थोडी उष्णता परत गेली असं धरून ५ किलोवॅट हवेवाटे काढायची, आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांनी गरम चालेल म्हटलं, तरी तासाला साधारण १५०० घनमीटर हवा खेचावी लागते. बाथरूमचा सहा इंची पंखा २५०-३०० खेचतो. बारा इंची लावलात, हवा आत यायला खाली जाळी ठेवलीत, तरी बाहेर ४३ तर आत ५३. कूलरने हवा गार होईल, पण त्यासाठी समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर दमटपणा साचून तासाभरात जीव घुसमटतो. आणि डोक्यावर पडणारं ऊन कूलर अडवत नाही.

खालची खोली थंड राहते, यात अर्धं सत्य आहे, ते नाकारत नाही. स्लॅबवर सावली केली की खालचा मजला खरंच कमी तापतो. पण ती सावली अपारदर्शक आणि चारी बाजूंनी मोकळी हवी: पांढरा पत्रा, खाली इन्सुलेशन, मधून वारा. काचेखालचा स्लॅब म्हणजे उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीची सीट.

पॉलिकार्बोनेटबद्दल. दर मीटरला, दर अंशाला ०.०६५ मिमी पसरतं. तीन मीटरची शीट ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ ८ मिमी सरकते. स्क्रूएवढंच भोक पाडलं की शीट तिथेच चिरते आणि पहिल्याच पावसात गळते. भोक ३-४ मिमी मोठं, ईपीडीएम रबराचा वॉशर, यूव्ही कोटिंगची बाजू वर, शीटमधल्या पोकळ नळ्यांचं वरचं तोंड ॲल्युमिनियम टेपने बंद, खालचं हवा जाणाऱ्या टेपने, उतार मीटरला किमान ९ सेंटीमीटर. यातलं काही चुकलं की नळ्यांत शेवाळ धरतं आणि ते बाहेरून धुता येत नाही. छताला काचच हवी असेल तर लॅमिनेटेडच घ्या. नुसती टफन फुटली तर सगळीच्या सगळी खाली कोसळते, आणि विदर्भात गारपीट दरवर्षी कुठे ना कुठे होतेच.

परदेशातलं उदाहरण तर उलट आपल्याच विरोधात जातं. लंडनला डिसेंबरात दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम १५ अंश असतो. दक्षिणेच्या उभ्या काचेतून तो आत घ्यायला तिकडे ही खोली बांधतात. नागपुरात २६ मेच्या आसपास, म्हणजे ऐन नवतपात (मेअखेरच्या सर्वांत कडक नऊ दिवसांत), शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य बरोबर डोक्यावर, सगळा मारा छतावर. डिसेंबरात मात्र दुपारी तो दक्षिणेला ४५ अंशांवर असतो. म्हणून हिवाळ्यात ऊबदार बसायला जागा हवी असेल, आणि ती हौस रास्त आहे, तर दक्षिणेची गॅलरी घ्या. वर स्लॅब तसाच ठेवा, काच फक्त उभी लावा, वर दोन फुटी छज्जा काढा. डिसेंबरातल्या दुपारी त्याची सावली दोनच फूट उतरते आणि ऊन आत येतं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ती पाच फुटांवर जाते आणि पाच फुटी खिडकी दुपारी पूर्ण झाकली जाते. पश्चिमेला काच लावूच नका. तीन ते पाचचं तिरपं ऊन कुठलाही छज्जा अडवत नाही. स्लायडिंग तीन ट्रॅकचं घ्या. तिन्हींत काच असेल तर दोन तृतीयांश उघडतं, एका ट्रॅकला मच्छरजाळी घेतली तर निम्मंच.

परवानगीचं एका ओळीत: काचेचं असलं तरी ते बांधकामच आहे, गच्ची बंदिस्त केली की एफएसआयचा (भूखंडावर किती बांधता येईल त्या मर्यादेचा) प्रश्न येतो आणि एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ च्या कलम ५३ खाली पाडण्याची नोटीस निघू शकते, तेव्हा बयाण्याआधी नकाशा घेऊन आर्किटेक्टकडे जा.