धरण नाकाला, कोरड ओठाला

दुपारपर्यंत माझ्या नाकावर इतकं तेल सुटतं की चष्मा घसरत घसरत शेंड्यावर येऊन थांबतो, आणि त्याच नाकाखाली बोटभर अंतरावर ओठ असे फुटलेत की कोणी जोक मारला तर मी दोन बोटांनी खालचा ओठ धरून, न ताणता, हू हू हू असं हसतो. समोरच्याला वाटतं दात दुखतोय.

गडबड मुळात वाटपातच आहे. तेल सोडणाऱ्या ग्रंथी नाका-कपाळावर खच्चून भरल्यात, आणि ओठांच्या लाल भागात जवळपास नाहीतच, घामाच्या पण नाहीत, वर कातडी पातळ. (नाकावरचं तेल ओठाला लावून बघितलंय. एकदा. दार लावून. त्या विषयावर यापुढे चर्चा नको.)

त्यात जीभ घरभेदी. जरा सुकलं की ही फिरलीच, चार सेकंद बरं वाटतं, मग थुंकी उडून जाते ती होती नव्हती ती ओल घेऊन, आणि थुंकीतली पचनाची एन्झाइम्स मागे राहून ओठांवरच हात साफ करतात. मग पापुद्रा सुटतो. मीटिंगमध्ये तो टोकाशी उभा राहिलेला, जिभेला सारखा लागणारा पापुद्रा दाताने हळूच ओढायचा, एवढासाच निघेल असं वाटतं आणि तो निघतच जातो निघतच जातो आणि मग रक्ताची चव. समोर कोणीतरी टार्गेट विचारत असतं.

पहिला लिप बाम मेन्थॉलवाला घेतला. झिणझिण्या आल्या म्हटलं वा, काम चाललंय! काम कसलं, मेन्थॉल फुटलेल्या ओठांना उलट अजून चिडवतं.

शेवटी आलो पेट्रोलियम जेलीवर. तेलविहिरीच्या पंपांवर जमणाऱ्या चिकट गाळापासून चेसब्रो नावाच्या माणसाने ही बनवली, १८७२ मध्ये पेटंट घेतलं. गाळ ऐकून कसंतरी झालं, पण आपल्याला विहिरीचं तेल हवंच होतं, नाकाच्या नाही तर जमिनीच्या. ती स्वतः पाणी घालत नाही, नुसतं झाकण ठेवते, म्हणून ओठ ओले असतानाच लावायची. हे कळलं आणि चार दिवसांत फरक पडला, मी चक्क दात दाखवून हसलो.

पाचव्या दिवशी ट्यूब गायब. सगळं घर उलथंपालथं केलं, सापडली वॉशिंग मशिनमध्ये, जीन्सच्या खिशात, पूर्ण रिकामी. ओठ परत फुटलेत, खिसा मात्र एकदम मऊ आहे.