ऑक्सफर्ड कॉमाचा नाद करायचा नाय!

कोल्हापुरात विद्वान म्हणून मिरवायचं असेल तर कुस्तीवर बोलून भागणार नाही. खासबागेत कोण चितपट झालं, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगतं. तुम्ही ऑक्सफर्ड कॉमा धरा. इंग्रजी यादीत शेवटच्या 'अँड'आधी द्यायचा की नाही द्यायचा, तोच तो. ऑक्सफर्डवाले देतात, शिकागोची लेखन-नियमावली देते, असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था सहसा देत नाही. दोन्ही तालमी तगड्या. कुठल्याही एकीत नाव घाला, पण वाक्य वाचायच्या भानगडीत पडू नका.

समजा, शेजारच्या पोरानं प्रबंधात इंग्रजीतून आभार मानलेत : माझे दोन वस्ताद, गंगावेशीतली म्हैस आणि नगरसेवक. लगेच ओरडा, "अरे, म्हैस आणि नगरसेवक हेच वस्ताद झाले की!" पोरगं घाबरून कॉमा देईल. मग विचारा, वस्ताद एकच असता तर? तर कॉमा देऊनही 'माझा वस्ताद, म्हैस, आणि नगरसेवक' यात म्हैसच वस्ताद ठरते. वस्तादांना शेवटी नेलं की गुंता सुटतो, हे मात्र चुकून बोलू नका. (म्हैस आपल्या आधी आलेली नगरसेवकांना चालेल का, हा प्रश्न उरतोच.)

"एका कॉमानं काय होतंय?" असं कुणी म्हणालाच, तर दुधाचा दाखला द्या. कोल्हापुरात तो कधी नासत नाही. अमेरिकेत मेन राज्यातल्या एका डेअरीच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइम मागितला. ज्या कामांना तो मिळत नाही, त्यांच्या यादीच्या शेवटी होतं 'पाठवणीसाठी पॅकिंग किंवा वितरण', आणि 'किंवा'च्या आधी कॉमा नव्हता. आता वितरण हे वेगळं काम, की तेही पॅकिंगच, वितरणासाठीचं? ड्रायव्हर माल पोचवत होते, पॅकिंग करत नव्हते. २०१७ मध्ये अपील कोर्टानं संदिग्धतेचा कौल त्यांच्या पदरात टाकला, २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. गंमत म्हणजे, कायदे लिहिताना हा कॉमा देऊ नका, असं त्या राज्याचीच मार्गदर्शिका सांगत होती. नियम सरकारनं पाळला, पैसे डेअरीनं मोजले.

तरी समोरचा नमला नाही, तर २०२० चं ब्रेक्झिटचं ५० पेन्सचं नाणं काढा. त्यावर हा कॉमा नाही म्हणून लेखक फिलिप पुलमन यांनी बहिष्काराची हाक दिली होती. आपल्याकडं सुटे मिळाले तरी लोक खूश.

एवढं झाल्यावर छाती काढून घरी निघा. चौकात तुमच्याच वाढदिवसाचा फलक असेल, 'हार्दीक शूभेच्छा'. तिकडं लक्ष देऊ नका, ते मराठी आहे. फोटो मोठा आलाय का, तेवढं बघा.